पाऊणकी, सुकती आणि चौथ्या खुर्चीवरची मुलगी

हे प्रकरण एका मुलीचं आहे, पण लिहायला बसले तेव्हा कळलं की ते आमच्या अख्ख्या लॅबचं आहे आणि बरंचसं माझंही आहे. मालवण-देवगड पट्ट्यातलं खाडीकाठचं गाव, मुलींची माध्यमिक शाळा, मी गणिताची बाई आणि कॉम्प्युटरचा विषयही गेली काही वर्षं माझ्याकडेच. मुलीचं नाव देत नाही, शाळेचंही नाही, गाव लहान आहे, लगेच ओळखतील.

आधी लॅबचं सांगते. एका योजनेतून पाच वर्षांच्या करारावर मशीन आल्या, शिकवणारे आले, करार संपला तसे शिकवणारे गेले आणि मशीन राहिल्या. सगळ्या विंडोज ७ वाल्या, ज्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० लाच बंद केला. त्यातल्या ११ चालतात, पावसाळ्यात १०, कारण खारं वारं कशालाच सोडत नाही. रॅमच्या त्या सोनेरी पट्ट्या काळ्या पडतात, मशीन चालू केली की नुसती बीप बीप करत राहते आणि स्क्रीन काळी ती काळीच. मग कॅबिनेट उघडायचं, रॅम काढायची, खोडरबरने पट्ट्या हळूहळू घासायच्या, फुंकर न मारता कोरड्या ब्रशने कण झाडायचे आणि कट्ट आवाज येईपर्यंत परत बसवायची. दहापैकी आठ वेळा मशीन उठते. हे काम आता मुलीच करतात, पण ते नंतर आलं.

नववीच्या वर्गात ४४ मुली. एका मशीनला चार. तास ३५ मिनिटांचा, वर्गातून लॅबमध्ये येऊन मशीन चालू होईपर्यंत त्यातली दहा गेलेली.

ही मुलगी तिच्या मशीनवर चौथ्या खुर्चीत बसायची. खुर्ची वीतभर मागे ओढलेली, दोन्ही हात ओढणीखाली. गणितात बरी होती, म्हणजे वर्गात हात वर करणारी नव्हे पण पेपर व्यवस्थित सोडवणारी. कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलला मात्र कोरी. पहिल्या सहामाहीला तिच्या प्रगतिपत्रकात मी शेरा लिहिला, "विषयात रस नाही." आज तो शेरा बघितला की मला लाज वाटते, कारण तो मी काहीही न बघता लिहिला होता.

एकदा तिला सरळ पुढे बोलावलं, म्हटलं बस, नुसतं तुझं नाव टाईप कर. ती म्हणाली, "माका नको बाई. बिघाडला तर?"

बिघाडला तर हे कुठून आलं ते तिच्या मैत्रिणीकडून कळलं. सहावीत असताना हिचा पाय की हात यूपीएसच्या बटणाला लागला, मशीन बंद पडली आणि तेव्हा शिकवायला असलेल्या माणसाने सगळ्या वर्गासमोर विचारलं, हे भरून द्यायला तुझ्या बापाकडे पैसे आहेत का. मशीनला काहीही झालं नव्हतं, परत बटण दाबल्यावर ती चालू झाली असणार. पण त्यानंतर तीन वर्षं त्या मुलीने की-बोर्डला बोट लावलं नव्हतं आणि आमच्यापैकी कुणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं, कारण चार मुलींत एक गप्प बसली तर काम अडत नाही. उलट तास सुरळीत चालतो.

मग मी एक केलं, एका तासाला काहीच न शिकवता वही घेऊन मागे बसले आणि माउस कोणाच्या हातात किती वेळ असतो ते लिहून काढलं. हिच्या मशीनवर २५ मिनिटांपैकी १९ मिनिटं माउस एकाच मुलीकडे, जिच्या घरी कॉम्प्युटर आहे. बाकीची सहा मिनिटं दुसरीकडे. तिसरी वहीत उतरवून घेत होती, चौथी बघत होती. बाकीच्या टेबलांवरही थोड्याफार फरकाने हेच. म्हणजे ४४ मुलींना कॉम्प्युटर शिकवतो असं आम्ही वर्षानुवर्षं म्हणत होतो आणि प्रत्यक्षात शिकत होत्या ११, त्याही बहुतेक आधीच येत असलेल्या.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. पुढच्या तासाला मी शिकवत असताना एका शिक्षिका-मैत्रिणीला मागे बसवलं, हीच नोंद ठेव म्हटलं. तिने तासानंतर सांगितलं, बाई, मुली अडल्या की तुम्ही वाकून त्यांच्या हातातला माउस घेता. एका तासात नऊ वेळा. मी मदत करत होते असं मला वाटत होतं. मुलीला त्यातून कळत होतं की तुझ्याने होणार नाही, सरक.

पहिला उपाय केला तो फसला. दर पाच मिनिटांनी टाळी वाजवून खुर्च्या बदलायच्या असा नियम केला. खुर्च्या बदलल्या, पण ज्या मुलीचा माउस गेला ती तोंडाने चालवायला लागली, इथे क्लिक कर, अगं तिथे नाही, वर, वर. चौथीच्या हातात माउस आला पण डोकं पहिलीचंच.

दुसरा उपाय, शनिवारची शाळा सकाळची असते, त्यातला एक तास मोठ्या बाईंकडून मागून घेतला, ज्या मुली मागे आहेत फक्त त्यांच्यासाठी. ही मुलगी एका शनिवारी आली, पुढच्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी आली, परत नाही. मला वाटलं टाळतेय. रजिस्टर उघडलं तर जूनपासूनचे शनिवार बऱ्यापैकी तसेच, एकाआड एक. तिला विचारलं तर अगदी सरळपणे म्हणाली की उधाणाच्या शनिवारी ती आई आणि आजीबरोबर खाडीत मुळे, म्हणजे शिंपले, काढायला जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढचे दोन-तीन दिवस पाणी लांब जातं, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत तेवढं सुकत नाही. उधाण पंधरवड्यातून एकदा, म्हणून शनिवारही एकाआड एक. मुलीच्या हजेरीत चंद्र दिसत होता आणि मी तिथे आळस वाचत होते.

मी विचारलं, पण नेमकं किती वाजता जायचं हे घरात कोण ठरवतं? तर म्हणाली, "ठरवूचा काय? परवा तृतीया. तीन पाऊण सव्वादोन. पाटेक सव्वादोनाक भरती, म्हणजे साडेआठाक सुकती."

मी दोन मिनिटं काही बोललेच नाही. तिथी घ्यायची, पाऊणपट करायची, भरतीची वेळ येते. त्यात सहा तास आणि वर थोडं मिळवायचं, सुकती, म्हणजे ओहोटी, येते. हा हिशोब कोकण किनाऱ्यावर जुना आहे, मी लहानपणी ऐकलेलाही होता, पण विसरले होते. तिच्या आजीची शाळा चौथीपर्यंतची पण पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे, सगळे तोंडपाठ, आणि नातीनेही ते तिच्याकडूनच उचललेले. एक इनपुट, एक नियम, एक आउटपुट. मी नववीला प्रोग्राम म्हणजे काय हे शिकवताना पुस्तकातलं चहा करण्याच्या पायऱ्यांचं उदाहरण देत होते, आणि चौथ्या खुर्चीत एक मुलगी डोक्यात फंक्शन चालवत बसली होती.

पुढचे सहा आठवडे आम्ही हेच केलं. प्रेझेंटेशनमध्ये ॲनिमेशन टाकणं वगैरे सगळं बाजूला ठेवलं.

पहिला आठवडा मशीन बंद. सगळ्यांनी घरी विचारून यायचं की भरतीची वेळ कशी काढतात. वाडीवरच्या मुली पाऊणपट घेऊन आल्या, बाजारातल्या मुलींच्या घरी कुणाला माहीत नव्हतं, त्या वाडीवरच्या मुलींना विचारायला लागल्या. हे मी ठरवून केलेलं नव्हतं. पण वर्गात कोणाला येतं आणि कोणाला येत नाही याची रांगच उलटी झाली, आणि चौथ्या खुर्चीच्या मुलीभोवती पहिल्यांदा चार मुली उभ्या दिसल्या.

दुसऱ्या आठवड्यात पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहायची एक भाषा. शाळेत नेट नावापुरतं, म्हणून घरून पेनड्राइव्हवर त्याची ३.८ ही आवृत्ती आणली, विंडोज ७ वर चालणारी ती शेवटची. जोड्यांचा नियम बदलला. जिच्या हातात की-बोर्ड तिने स्वतःच्या मनाने काही टाईप करायचं नाही, जी सांगते तिने की-बोर्डला हात लावायचा नाही. मशीनला चार मुली म्हणजे दोन जोड्या, एक मशीनवर, दुसरी त्याच वेळी कागदावर तिथ्यांचा तक्ता हाताने भरतेय, म्हणजे मशीनचं उत्तर ताडायला काहीतरी हवं. आणि माझ्यासाठी नियम, हात पाठीमागे. अक्षरशः पाठीमागे बांधून फिरायचे. पहिल्या दिवशी मला ते फार जड गेलं.

ही मुलगी सांगणारी होती. तिने सांगितलं, जोडीदारणीने टाईप केलं,

भरती = तिथी * ३ / ४

आणि एंटर मारल्यावर लाल अक्षरात एरर. तिने चटकन हात ओढणीखाली घेतले. "बिघाडला?" म्हणाली, माझ्याकडे बघून. मी म्हटलं, काय लिहिलंय ते वाच. अडखळत वाचलं, इनव्हॅलिड कॅरेक्टर. म्हणजे काय? म्हणजे त्याला एक अक्षर कळत नाहीये, तो तुलाच विचारतोय कुठलं ते. दोघी बघत बसल्या. 'भरती' कळत नसेल, मराठी आहे म्हणून, असं ठरलं. इंग्रजीत नाव दिलं, तिथीचंही बदललं, तरी एरर. मग आकडे बदलले, की-बोर्डवरचे इंग्रजी पद्धतीचे तीन आणि चार टाकले, चाललं. परत नावं मराठीत केली, तरीही चाललं! पायथन ३ ला मराठी नावं चालतात, कोडमधले आकडे मात्र त्याला इंग्रजी पद्धतीचेच लागतात. त्यातही गंमत अशी की प्रोग्रामने तिथी विचारल्यावर तुम्ही देवनागरी ८ टाकला आणि तो पूर्णांकात बदलून घेतला तर तो निमूट घेतो. हे मला माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात तिनेच शोधलं.

भिंतीवर एक कार्डशीट लावली, "नवीन चूक". ज्या जोडीला आधी कुणाला न आलेली एरर येईल त्यांनी तारीख घालून ती तिथे लिहायची, आणि कशाने गेली ते खाली. माझ्या मते सगळ्या प्रयोगात सर्वात कामाची गोष्ट हीच, खर्च दहा रुपये. बिघडलं म्हणजे भरपाई हे ज्या मुलीच्या डोक्यात बसलंय तिला बिघडत नाही गं असं शंभर वेळा सांगून उपयोग होत नाही. तिला लाल अक्षरं रोज दिसायला हवीत आणि त्यानंतर काहीही वाईट झालेलं नाही हेही रोज दिसायला हवं. तिसऱ्या आठवड्याअखेर त्या शीटवर तिच्या अक्षरात पाच नोंदी होत्या.

खरी मजा पुढे आली. तृतीयेला प्रोग्रामने उत्तर दिलं २.२५. बाजारातल्या एका मुलीने वाचलं, दोन वाजून पंचवीस मिनिटं. आमची म्हणाली चूक, सव्वादोन. यावर अख्खा तास वाद झाला आणि तो मी होऊ दिला. कॉम्प्युटर चुकतो का? की वाचणारा चुकतो? शेवटी फळ्यावर पाव, अर्धा, पाऊण आणि त्यांच्यासमोर .२५, .५, .७५ असं मांडलं आणि वर्गात एकदम अगंबाई झालं. दशांश अपूर्णांक खालच्या वर्गांपासून शिकवतो आपण, आणि सव्वा, साडे, पावणे तर मुली जन्मल्यापासून ऐकतात, पण ही दोन्ही एकच आहेत हे नववीत एका भरतीमुळे कळलं. मग तास-मिनिटं वेगळी कशी काढायची, तर तिथीला ४५ ने गुणा, ६० ने भागा, भागाकार म्हणजे तास, बाकी म्हणजे मिनिटं. बाकी काढायचं चिन्ह पायथनमध्ये वेगळं आहे एवढंच. सप्तमीला ३१५ मिनिटं, भागाकार ५, बाकी १५.

चौथ्या आठवड्यात तिनेच येऊन सांगितलं की आजीचा नियम एका ठिकाणी उडी मारतो. पौर्णिमेला १५ पाऊण सव्वाअकरा, दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे पाऊण, म्हणजे पावणेएक. एरवी रोज ४५ मिनिटं पुढे जाणारी भरती या एका रात्रीत दीड तास पुढे कशी जाईल? ही शंका मशीनने पंधराही ओळी एकाखाली एक छापल्या म्हणून आली, आजी एका वेळी एकाच दिवसाचा हिशोब करते. आम्ही मग भूगोलाच्या बाईंना बोलावलं. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणजे भरती रोज जवळपास ५० मिनिटं पुढे जाते. ४५ ऐवजी ४८ घेतले तर १५ गुणिले ४८ बरोब्बर ७२०, म्हणजे १२ तास, उडी गेली. ४८ मिनिटं म्हणजे दोन घटका हेही मुलींनीच काढलं. पण पाऊणपट तोंडी करायला सोपी म्हणून ती टिकली, आणि मुळे काढायला जाणाऱ्या बाईला पंधरा-वीस मिनिटांनी फरक पडत नाही, ती आधीच जाऊन बसलेली असते. हे उत्तरही तिचंच, आजीची बाजू घेऊन.

मग आठ-दहा मुलींनी पंधरा दिवस जेटीच्या पायऱ्यांवर पाणी कुठल्या पायरीला कधी आलं ते वहीत लिहिलं. ४८ चा हिशोबही रोज जुळला नाही. उधाणाच्या दिवसांत भरती कमी मिनिटांनी पुढे सरकते, भांगाच्या दिवसांत जास्त, सरळ गुणाकाराने ते सापडत नाही. शिवाय तिथी आणि दिवस एक नव्हेत, कधी तिथीचा क्षय असतो, कधी वृद्धी, कालनिर्णयात बघून टाकली तरी. आणि प्रत्येक बंदराची वेळ थोडी वेगळी. म्हणून प्रोग्रामच्या शेवटी मुलींनी एक ओळ छापायला लावली, "हा अंदाज आहे, होडी काढण्याआधी तक्ता बघा." ही ओळ मी सक्तीची केली. समुद्रात जाणाऱ्याला सरकारी भरती-ओहोटीचे तक्ते असतात, हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचे इशारे असतात, त्याच्या जागी नववीचा प्रोग्राम ठेवायचा नाही.

मध्येच एक छोटा तास अक्षरांचा झाला. सिंधुदुर्ग या शब्दाची लांबी विचारली तर मुली म्हणाल्या चार, मशीन म्हणाली दहा. वेलांटी, अनुस्वार, उकार, हलन्त सगळं तो वेगळं मोजतो. त्यावरून युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षर-चिन्हाला ठरवून दिलेला आकडा, इतक्या सहज शिकवून झाला की मला पुढचं काही करावंच लागलं नाही.

पालकसभेत प्रश्न आले. टायपिंग का नाही, एमएस-सीआयटी पुढे करायचीच आहे ना, मुलींना हे कशाला. त्यात गैर काही नाही, एमएस-सीआयटी सरकारी नोकरीला लागते, टायपिंगही लागतं, आणि ते ज्याला त्याला मिळावं. मी एवढंच सांगितलं की पूर्वी कॉम्प्युटर हे माणसाच्या कामाचं नाव होतं, आकडेमोड करणाऱ्याचं, आणि अमेरिकेत ती माणसं बहुतेक बायका होत्या. १९४६ साली जगासमोर आलेल्या एनिॲक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरचे पहिले प्रोग्राम लिहिणाऱ्या सहाही जणी अशाच आकडेमोड करणाऱ्यांतून निवडलेल्या. मग त्या मुलीच्या आजीला, त्या आल्या होत्या, मी पाऊणकी म्हणायला सांगितली. त्यांनी बसल्या जागेवरून पंधरापर्यंत म्हटली. नातीने लॅपटॉपवर तक्ता छापून दाखवला. आजींनी स्क्रीनकडे वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, सुकती खय हा हेच्यात? तोपर्यंत कुणी सुकतीचा रकाना घातलाच नव्हता. सगळ्या मुली भरतीच्या मागे, आणि बायकांना हवी असते सुकती. दुसऱ्या दिवशी सहा तास बारा मिनिटांचा रकाना वाढला.

काय जमलं नाही तेही लिहायला हवं. जिच्या हातात आधी १९ मिनिटं माउस असायचा ती मुलगी या सगळ्यात दोन आठवडे गप्प झाली. तिच्याकडून आपण काहीतरी काढून घेतलंय हे माझ्या लक्षातच आलं नाही, मी एकीला पुढे आणताना दुसरीला न सांगता मागे ढकललं. शेवटी रॅम आणि मशीन दुरुस्तीची टोळी तिच्या ताब्यात दिली, त्यात ती रमली, पण ते मी आधी बोलून करायला हवं होतं. सहा-सात मुली शेवटपर्यंत शेजारच्या मशीनवरचं बघून टाईप करत राहिल्या. आणि घरी मोबाईल एकच, तो भावाकडे किंवा वडिलांकडे, त्यामुळे शाळेबाहेर सराव शून्य. वही आणि कागद, एवढंच.

त्या मुलीचा शेरा मी वार्षिक पत्रकात बदलला. "चुका शोधते, कारण सांगते" असं लिहिलं. आता ती दहावीत आहे. अकरावी सायन्सला कॉम्प्युटर सायन्स हा विषय घ्यायचा म्हणते, आई तयार आहे, वडिलांचंही फार नाही म्हणणं नाही. कॉलेज तालुक्याला. प्रॅक्टिकल संपेपर्यंत संध्याकाळ होते आणि आमच्या खाडीकडे येणारी शेवटची एसटी त्याच्या आधी सुटते. शेवटच्या फाट्यापासून पुढे साडेतीन किलोमीटर, वाटेत एकही दिवा नाही. घरच्यांची हरकत फक्त तेवढीच आहे आणि ती मला खोडता येत नाही. गाडीची वेळ पाऊण तास पुढे करा असा अर्ज डेपोत दिलाय, खाली ४४ मुलींच्या सह्या. अजून उत्तर आलेलं नाही, सोमवारी परत जाणार आहे.